'सरळ व्हायचंय' म्हणजे किती सरळ? सोलापुरातल्या एका विडी कामगार मावशींच्या वाकलेल्या मणक्याचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून वय, नातेवाईक आणि काही तारखा बदलल्या आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम तसाच ठेवला आहे, चुकांसकट. मी सोलापुरात हाडांचा डॉक्टर आहे. हे ऑपरेशन मी केलेलं नाही. मावशी आधी माझ्याकडे आल्या, ऑपरेशन पुण्यात झालं आणि टाके काढण्यापासून आजपर्यंतचा पाठपुरावा पुन्हा माझ्याकडे आहे.

पार्श्वभूमी

पहिल्यांदा आल्या तेव्हा वय ६२. राहायला पूर्व भागात, वयाच्या बाराव्या वर्षापासून विड्या वळण्याचं काम. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात, सूनही घरी विड्याच वळते. दहा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू. सकाळ-संध्याकाळ मिश्री.

ओपीडीत त्या भिंतीला हात लावत आल्या. धड पुढे आणि एका बाजूला झुकलेलं, गुडघे किंचित वाकलेले. साडीचा काठ उजवीकडे जमिनीला घासून काळा झालेला आणि डावीकडे घोट्याच्या वर चढलेला. सून म्हणाली, "नीट नेसवली तरी असंच होतंय ओ." पाठीला बाक किती, हे त्या काठावरूनच कळत होतं.

तीन वर्षांची फाईल जाडजूड होती. दोन कंबरपट्टे, ट्रॅक्शन, तेल, तीन एमआरआय. सगळ्यांनी सांगितलेलं निदान एकच: 'मणक्यात गॅप.' सोलापुरात कंबर दुखणाऱ्या निम्म्या माणसांच्या मणक्यात गॅप असतो. हा शब्द कुठून आला देव जाणे, पण एकदा चिकटला की पुढची तपासणी थांबते.

घरच्यांची पक्की समजूत होती की खाली मान घालून विड्या वळल्यामुळेच कुबड आलं. ते मला पूर्णपणे पटत नाही. वाकून बसल्याने स्नायू थकतात, दुखतात. पण मणका बाजूला वळून पिळला जातो त्यामागे वयानुसार चकत्या एका बाजूने जास्त झिजणं, सांधे सैल होणं आणि हाडं ठिसूळ होणं असतं. मोठेपणी नव्याने येणारा स्कोलिओसिस, म्हणजे मणक्याचा बाजूला जाणारा बाक, बहुधा याच वाटेने येतो आणि बहुतेकदा कमरेच्या भागात असतो. लहानपणीचा बाक मोठेपणी वाढत जाणं हा वेगळा प्रकार. मावशींचे तरुणपणचे फोटो सरळ होते.

अडचण नेमकी काय होती

तीनही एमआरआय झोपून काढलेले होते, ते तसेच काढतात. पण आधीचे एक्स-रेही झोपूनच होते, आणि पहिल्या दिवशी मीसुद्धा झोपवूनच काढायला सांगितला. बाक ३२ अंश आला. फार काही नाही, असं मनात आलं. दुसऱ्या भेटीत डोक्यापासून मांडीपर्यंतचा एक्स-रे उभं करून, गुडघे सरळ ठेवायला लावून काढला, तेव्हा तोच बाक ४६ अंश निघाला. १० अंशांच्या पुढच्या बाकाला स्कोलिओसिस म्हणतात. हा चांगलाच पुढे गेला होता.

खरा त्रास मात्र बाजूने काढलेल्या एक्स-रेत होता. कमरेला आतल्या बाजूला एक नैसर्गिक वळण असतं. ते किती असावं, हे प्रत्येकाच्या पेल्विसच्या (कमरेखालच्या हाडांच्या कड्याच्या) ठेवणीवर ठरतं आणि ती ठेवण मोठेपणी बदलत नाही. मावशींच्या ठेवणीचा कोन ५२ अंश होता, म्हणजे कमरेचं वळण त्याच्या आसपास हवं. होतं १६. ही ३६ अंशांची तूट भरून काढायला शरीर पेल्विस मागे फिरवतं आणि गुडघे वाकवतं. एवढं करूनही मानेच्या तळापासून सोडलेला ओळंबा सेक्रमच्या (माकडहाडाच्या वरच्या मोठ्या त्रिकोणी हाडाच्या) वरच्या कडेच्या ११ सेंटीमीटर पुढे पडत होता. असा माणूस नुसता उभा राहिला तरी पाठीचे आणि मांडीचे स्नायू सतत ओझं उचलल्यासारखे राबत असतात. म्हणून सकाळी बरं वाटतं आणि दुपारी कट्टा शोधावा लागतो.

शिवाय बाकाच्या खालच्या टोकाशी, एल-फोर-एल-फाईव्हच्या (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या) डाव्या बाजूला, पायाकडे जाणारी शीर (मज्जातंतू) दबलेली. दोनशे पावलांवर डावा पाय सुन्न. त्या शिरेजवळ इंजेक्शन दिल्यावर पायाचं दुखणं सात आठवडे थांबलं, पण वाकणं तसंच राहिलं. म्हणजे त्रास दोन होते, एक पायाचा आणि एक तोलाचा.

पर्याय

चार मार्ग समोर होते.

पहिला, ऑपरेशन न करणं. व्यायाम, वॉकर, अधूनमधून इंजेक्शन. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांना मी हेच सांगतो आणि त्यांचं ठीक चालतं. मावशींनी आठ महिने हे केलं. चालणं दोनशे पावलांवरून शंभरावर आलं.

दुसरा, फक्त शीर मोकळी करणं. लहान ऑपरेशन, तीन दिवसांत घरी. मोह होतोच. पण पिळलेल्या, एकमेकांवरून सरकलेल्या मणक्यांचं मागचं हाड काढलं की उरलासुरला आधारही जातो आणि बाक झपाट्याने वाढू शकतो. मावशींचा कमरेचा तिसरा मणका चौथ्यावरून बाजूला सरकलेला होता.

तिसरा, शीर मोकळी करून तेवढेच दोन मणके सळ्यांनी जोडणं. बाक थोडा आणि तोल शाबूत असेल तर हा उत्तम मार्ग. इथे ११ सेंटीमीटर पुढे गेलेला ओळंबा तसाच राहिला असता.

चौथा, छातीच्या दहाव्या मणक्यापासून पेल्विसपर्यंत स्क्रू आणि सळ्या घालून पूर्ण दुरुस्ती. हे मोठं काम. अशा ऑपरेशननंतर तीनातल्या निदान एकाला काही ना काही गुंतागुंत होते: जंतुसंसर्ग, सळी तुटणं, शिरेला इजा, रक्तस्राव. हे आकडे मी नातेवाइकांना दोनदा सांगतो. पहिल्यांदा ते ऐकूच येत नाहीत.

मावशींना विचारलं, तुम्हाला काय हवंय? "सरळ व्हायचंय. गड्ड्यात उभं राहून नंदीध्वज बघायचाय. तीन वर्षं झाली, लोकांच्या कमरा बघतेय."

गड्डा म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा, आणि नंदीध्वज म्हणजे तिच्या मिरवणुकीतल्या उंच काठ्या. हे उत्तर मी कागदावर लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. त्याबद्दल शेवटी.

चौथा मार्ग ठरला. पण तो सोलापुरात करायचा नाही, असं मी सुचवलं. ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जूचे संदेश सतत मोजणारी यंत्रणा, सांडलेलं रक्त गाळून परत देण्याची सोय आणि अशी ऑपरेशनं नेहमी करणारं पथक हवं. पुणे अडीचशे किलोमीटर, हुतात्मा एक्सप्रेस सकाळी निघते, तपासण्यांना एका दिवसात जाऊन येता येतं. खर्चासाठी धर्मादाय रुग्णालय निवडलं. अशा रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मुलाने तीन आठवडे खेपा घातल्या, तोही या प्रकरणातला वेळच.

तयारीचे महिने

पुण्याच्या सर्जननी लगेच तारीख दिली नाही, हे त्यांचं बरोबर होतं. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ८.४ होतं. ड जीवनसत्त्व ११, म्हणजे कमी. हाडांची घनता कमरेत ठीकठाक दिसली आणि खुब्यात टी-स्कोअर (जितका उणे तितकं हाड ठिसूळ) उणे २.९ आला. बाकदार, हाडाचे काटे आलेल्या मणक्यात घनता खोटी जास्त दिसते. खुब्याचा आकडा धरायचा असतो. अशा हाडात स्क्रू म्हणजे भिजलेल्या भिंतीत खिळा.

हाड भरण्यासाठी टेरिपॅराटाइडचं रोजचं इंजेक्शन सुरू केलं. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, गोठलं तर वाया जातं. मावशींच्या घरी फ्रीज नव्हता, आणि सोलापूरचा एप्रिल म्हणजे काय ते सांगायला नको. पेन शेजारणीच्या फ्रीजमध्ये ठेवलं. महिन्याने विचारलं, कुठे ठेवता? सून म्हणाली, "वर, बर्फाच्या कप्प्यात. गार राहावं म्हणून." पूर्ण महिना वाया गेला. चूक तिची नव्हती. 'फ्रीजमध्ये ठेवा' एवढंच मी सांगितलं होतं.

दुसरी गोष्ट मिश्रीची. निकोटिनमुळे जोडलेली हाडं नीट जुळून येत नाहीत आणि मग सळ्या तुटतात. त्यामुळे तंबाखू बंद झाल्याशिवाय तारीख नाही आणि बंद झाल्याची खात्री लघवीतल्या कोटिनिनच्या (निकोटिनपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थाच्या) तपासणीने करायची, अशी अट होती. मावशींनी मिश्री सोडली. सहा आठवड्यांनी तपासणी पॉझिटिव्ह. पुन्हा महिनाभराने, पुन्हा पॉझिटिव्ह. पुण्याहून फोन आला, "पेशंट सहकार्य करत नाही." मीही मावशींना बऱ्यापैकी सुनावलं. त्या रडल्या. "मी काय लबाड बोलतेय का ओ साहेब? डबी सुनेनं गटारात टाकली, तिला विचारा."

त्या दिवशी ड्रेसिंगला असलेली आमची सिस्टर विडी कामगाराच्या घरातली. मावशी बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "सर, त्यांच्या हातांचा वास घेतलात का?"

मग ट्यूब पेटली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, दिवसभर बोटं त्यात. निकोटिन कातडीतून जातं, नाकातोंडातून भुकटी जाते ती वेगळीच. मिश्री न लावताही तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. तपासणी बरोबर होती, तिचा अर्थ आम्ही चुकीचा लावला होता. पुण्यात हे सुचलं नाही तर समजू शकतो. मी याच गावात वाढलो, गल्लीगल्लीत उंबऱ्यावर विड्या वळणाऱ्या बायका बघत, आणि मला सुचलं नाही.

उपाय सोपा नव्हता. घर दहा बाय बाराचं, सून तिथेच वळणार. शेवटी मावशी अक्कलकोटला बहिणीकडे राहायला गेल्या आणि कामाचा पैसा बुडाला. तीन आठवड्यांनी तपासणी निगेटिव्ह. एचबीएवनसी तोवर ७.१ झालं होतं, बहिणीच्या घरी वेळेवर जेवण होत होतं म्हणून असेल.

ऑपरेशन

इथे एक निर्णय नीट पाहण्यासारखा आहे. तूट ३६ अंशांची, तर ती भरायची कशी? एका मणक्याच्या आरपार हाडाची मोठी पाचर काढली की एकाच ठिकाणी ३० अंशांच्या आसपास वळण मिळतं; पण रक्त खूप जातं आणि शिरांना धोका वाढतो. दुसरी पद्धत म्हणजे चार-पाच ठिकाणी फक्त मागचे सांधे काढून प्रत्येक ठिकाणी ५ ते १० अंश मिळवणं. ती चालायला मणका लवचिक हवा.

इथे तोच झोपून काढलेला, मला फसवणारा एक्स-रे उपयोगी पडला. झोपल्यावर बाक ४६ वरून ३२ वर येत होता आणि कमरेचं वळण १६ वरून ३० पर्यंत उघडत होतं. म्हणजे मणका अजून कडक झालेला नव्हता. सर्जननी मोठी पाचर टाळली.

दुसरा प्रश्न, किती सरळ करायचं? पुस्तकी लक्ष्य म्हणजे पेल्विसचा कोन आणि कमरेचं वळण यांत १० अंशांपेक्षा जास्त फरक नको. तरुणाला अगदी शून्याजवळ नेता येतं. वय झालेल्या, ठिसूळ हाडाच्या माणसाला जास्त सरळ केलं तर वरचा, न जोडलेला मणका तो ताण घेतो आणि सळ्यांच्या टोकाशी पुन्हा वाकतो. म्हणून १० वरच थांबायचं ठरलं.

ऑपरेशन साडेसात तास चाललं. दुसरी सळी बसवताना डाव्या पावलाचे संदेश अर्ध्यावर आले. पूर्वी अशा वेळी रुग्णाला अर्धवट जागं करून पाय हलवायला सांगत. आता पडद्यावर दिसतं. रक्तदाब वाढवला, सळीची ओढ थोडी सैल केली, पंधरा मिनिटांत संदेश परत आले. सळी थोड्या कमी ओढीवरच कसली. खाली कमरेपाशी जास्तीच्या दोन सळ्या आणि पेल्विसमध्ये लांब स्क्रू, कारण सळ्या तुटतात त्या बहुधा तिथेच.

निकाल: बाक ४६ वरून १८. कमरेचं वळण १६ वरून ४२. ओळंबा ११ वरून ५ सेंटीमीटर. तिसऱ्या दिवशी मावशी उभ्या राहिल्या आणि मुलाला म्हणाल्या, "तू एवढा बुटका कधी झालास?"

नंतरची दोन वर्षं

पायाचं दुखणं गेलं ते गेलंच. पाचव्या महिन्यापर्यंत त्या अर्धा किलोमीटर चालत होत्या.

मग पाण्याचा दिवस आला. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि ते आलं की घरातलं प्रत्येक माणूस हातात भांडं घेऊन धावतं. मावशींनी दोन घागरी उचलल्या. दोन दिवसांनी पाठीत वरच्या बाजूला दुखायला लागलं. एक्स-रेत सळ्यांच्या वरच्या टोकाचा मणका चेपलेला, तिथला कोन ६ वरून १९ अंशांवर. सळ्यांच्या वर असं वाकणं नवीन नाही. वेगवेगळ्या रुग्णमालिकांत ते २० ते ४० टक्के रुग्णांत दिसतं आणि त्यातल्या थोड्यांनाच पुन्हा ऑपरेशन लागतं. पाय शाबूत, लघवीचा ताबा शाबूत, दुखणं सोसण्याजोगं. जोडणी छातीच्या वरच्या मणक्यांपर्यंत वाढवायची की थांबायचं? थांबलो. दर महिन्याला, मग तीन महिन्यांनी एक्स-रे. हाडाचं इंजेक्शन चालू ठेवलं, ते संपल्यावर झोलेड्रॉनिक ॲसिड दिलं. दोन वर्षांनी कोन २१ अंशांवर आहे.

जमलं नाही ते असं: मावशी आता जमिनीवर बसू शकत नाहीत.

दहाव्या मणक्यापासून पेल्विसपर्यंत पाठ एकच दांडा झाली की वाकायचं ते फक्त खुब्यातून. मांडी घालून जेवायला बसणं, चुलीपाशी बसणं, देवापुढे खाली वाकणं गेलं. भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येत नाही आणि खुर्चीच्या कमोडवर बसलं तर स्वतःला धुता येत नाही, हात पोचत नाही. हे त्यांनी मला सांगितलं नाही. पहिले तीन महिने सून धूत होती. मला कळलं ते सुनेने फिजिओथेरपिस्टला सांगितल्यावर. मावशींच्या तोंडून एकदाच निघालं, "सरळ केलं, पण परस्वाधीन केलं की ओ."

मग एकेक गोष्ट जुळवली. भिंतीतला जेट स्प्रे, लांब दांड्याचा स्पंज, न्हाणीत स्टूल. मुलाच्या ओळखीच्या सुताराने उंच पाय असलेलं टेबल केलं, त्यावर सूप राहतं. वर्षभराने एक्स-रेत हाड जुळून आल्यासारखं दिसल्यावरच त्यांनी पुन्हा विड्या हातात घेतल्या, खुर्चीवर बसून. मी नको म्हणालो होतो. "मग खायचं काय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हातमोजे देऊन पाहिले. पान मोज्याने गुंडाळता येत नाही. आता काम झाल्यावर साबणाने हात धुणं आणि दारं-खिडक्या उघडी ठेवणं एवढ्यावर आम्ही तडजोड केली आहे.

जानेवारीत त्या यात्रेला गेल्या. नंदीध्वजांची मिरवणूक उभं राहून बघितली, मध्ये दोनदा नातवाने नेलेल्या फोल्डिंग खुर्चीवर बसल्या.

आज करायचं तर वेगळं काय करेन

पेल्विसपर्यंत न जोडता एल-फाईव्हवर थांबलो असतो तर एक सांधा वाचला असता आणि खाली बसणं कदाचित थोडं सोपं गेलं असतं. हे मी सर्जनशी बोललो. खालची चकती पूर्ण झिजलेली, तोल गेलेला, हाड ठिसूळ. अशा ठिकाणी थांबलेली जोडणी फार टिकत नाही. त्यांचा निर्णय मला आजही पटतो. बदल हवा होता तो त्याच्या आधी.

आता अशा रुग्णाला मी ऑपरेशन ठरण्याआधी कडक प्लॅस्टिकचा, छातीपासून कमरेखालपर्यंतचा पट्टा आठवडाभर घालायला देतो. तो घालून अंघोळ, संडास, स्वयंपाक, जेवण, सगळं घरीच करून बघायचं. पट्टा आणि जोडलेली पाठ अगदी सारखी नसतात, पण अंदाज येतो. गेल्या वर्षी एका बाईंनी तो तिसऱ्या दिवशी परत आणून टेबलावर ठेवला आणि वॉकर बरा म्हणाल्या. दुसऱ्या एक जणी आठवडा काढून आल्या आणि तारीख मागितली, पण त्याआधी त्यांनी न्हाणीत कमोड बसवून घेतला होता.

'काय हवंय' या प्रश्नाच्या जोडीला मी आता दुसरा विचारतो: दिवसात किती वेळा जमिनीवर बसता, आणि कशासाठी? उत्तर रुग्णाकडून घेतो आणि घरातल्या बाईकडूनही, वेगवेगळं. पाण्याच्या दिवशी घागरी कोण उचलणार, हेही त्यातच ठरतं.

आणि कोटिनिनच्या तपासणीच्या कागदावर, 'तंबाखू खाता का, ओढता का, लावता का' याच्या खाली आम्ही पेनने एक ओळ वाढवली आहे: 'घरात कोणी विड्या वळतं का?' ती ओळ सिस्टरच्या अक्षरात आहे.